पट्टा पुन्हा पुन्हा तुटतो, तेव्हा गुन्हा पट्ट्याचा नसतो



आज मी भांडायला बसले आहे. भांडण कोणा माणसाशी नाही, एका सवयीशी आहे. वस्तू बिघडली की जो भाग तुटलेला दिसतो तो बदलायचा. का तुटला, हे विचारायचं नाही. पुन्हा तुटला की पुन्हा बदलायचा, आणि तिसऱ्यांदा तुटला की "आता जुनं झालं, फेकून द्या" म्हणायचं. या सवयीला सगळे व्यवहारीपणा म्हणतात. मी कॉमर्सची पदवीधर आहे, चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिते आहे, आणि मला यात व्यवहार कुठे दिसत नाही. मला यात फक्त गळती दिसते.

उदाहरण घेते आमच्या घरातल्या स्नोब्लोअरचं, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या यंत्राचं. सांगली-कोल्हापूरकडच्या माझ्या वाचक मैत्रिणी म्हणतील, बर्फाच्या यंत्राशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्या वॉशिंग मशीनच्या पोटात पट्टा आहे, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला पट्टा आहे, आईच्या पायमशीनला तर चामड्याचा पट्टा होताच. आणि तुमच्यापैकी कितीजणींची मुलं-मुली आज अमेरिकेत, कॅनडात बर्फ उपसत आहेत, हे मला ठाऊक आहे. हा लेख त्यांना पाठवा.

आम्ही दोघं मुलाकडे बफेलोला राहायला आलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. बफेलो हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचं, एरी सरोवराच्या काठावरचं गाव. थंड वारा सरोवराच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. वर्षाला सरासरी नव्वद इंचांहून जास्त बर्फ पडतो. त्यातून रस्ता साफ करणारी पालिकेची गाडी गेली की ती आपल्या दारातल्या वाटेच्या तोंडाशी ओल्या, घट्ट बर्फाचा बांध टाकून जाते. तो बांध फोडल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही आणि रुग्णवाहिका आत येत नाही.

मुलगा रुग्णालयात रात्रपाळी करतो. यजमान सत्तरीचे, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. यंत्राचा पट्टा तुटला की घरात फावडं उचलायला तेच पुढे होतात, कारण त्यांना बसवत नाही. थंडीत जड बर्फ फावड्याने उपसणं हृदयाला किती धोक्याचं, याची सूचना अमेरिकन हार्ट असोसिएशन दर हिवाळ्यात देत असते. तेव्हा मी ज्या पट्ट्याबद्दल बोलते आहे, तो माझ्यासाठी अठ्ठावीस डॉलरचा रबराचा तुकडा नाही. तो तुटला की माझ्या घरातला माणूस धोक्यात येतो. म्हणून मी या विषयात शिरले.

यंत्र कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही.

यंत्राने बर्फ उपसायचा उद्योग कॅनडातल्या क्वेबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ साली यशस्वी केला. त्यांचं यंत्र ट्रकवर बसवलेलं होतं, आणि १९२७ साली पहिलं यंत्र मॉन्ट्रियलशेजारच्या आउत्रमाँ गावाने घेतलं. हाताने ढकलायची घरगुती यंत्रं नंतर, १९५० च्या दशकापासून आली. आमच्यासारख्या दोन टप्प्यांच्या यंत्रात पुढे मळसूत्रासारखी पाती असतात, ती बर्फ कापून मधे आणतात. त्यांच्या मागचा पंखा तो बर्फ नळकांड्यातून लांब फेकतो. इंजिन एकच, पण त्याच्या दांड्यावरून दोन पट्टे निघतात. एक पात्यांना फिरवतो, दुसरा चाकांना. चाकांचा जो, त्याला चालक पट्टा म्हणू. आमचा तोच तुटायचा.

चालक पट्टा थेट चाकं फिरवत नाही. तो धातूची एक गोल थाळी फिरवतो. त्या थाळीला रबरी कडेचं एक चाक काटकोनात टेकतं. ते थाळीच्या मध्याजवळ टेकलं तर यंत्र हळू चालतं, कडेकडे सरकलं तर जलद, आणि मध्य ओलांडून पलीकडे गेलं की मागे येतं. किती साधी आणि किती हुशार रचना! गिअर नाहीत, इलेक्ट्रॉनिक्स नाही. पट्ट्यावर ताण ठेवायला स्प्रिंगने ओढलेली एक छोटी पुली असते, तिला आयडलर म्हणतात. काही यंत्रांत चालक पट्टा सतत फिरत असतो आणि लिव्हर दाबल्यावर रबरी चाक थाळीला टेकतं. काहींत लिव्हरच पट्ट्यावर ताण आणतो. आपलं यंत्र कोणत्या जातीचं, ते आधी बघायचं. आमचं पहिल्या जातीचं.

आता माझी वही उघडते.

हे यंत्र मुलाने घराच्या आधीच्या मालकाकडून २५० डॉलरला घेतलं. दोन हिवाळ्यांत चालक पट्टा तीनदा तुटला. तिन्ही वेळा यंत्र दुकानात गेलं. पट्टा आणि मजुरी मिळून १२० डॉलर, ने-आण करायला ५० डॉलर. म्हणजे १७० गुणिले तीन, ५१० डॉलर. यंत्राच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलाने मुलाला सांगितलं की यंत्र म्हातारं झालंय, नवीन घ्या, सोळाशे डॉलरपर्यंत चांगलं मिळेल. माझा मुलगा तयारही झाला.

मी विचारलं, "पट्टा का तुटला, ते सांगितलं का त्यांनी?"

"आई, पट्टे तुटतातच."

हे वाक्य मला मान्य नाही. पट्टे झिजतात, हे मान्य. रबर आहे, उष्णता आहे, वय आहे. पण नीट बसवलेला योग्य पट्टा घरगुती वापरात कित्येक हिवाळे काढतो. दोन हिवाळ्यांत तीन, याला झीज म्हणत नाहीत.

ज्यांनी हिशेब लिहिले आहेत त्यांना सस्पेन्स अकाउंट ठाऊक असेल. ताळा जमत नाही, फरक सापडत नाही, तेव्हा तो फरक तात्पुरता या खात्यात टाकतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. त्यात गैर काही नाही. अट एकच, नंतर बसून चूक शोधायची आणि खातं शून्य करायचं. जो कारकून दरवर्षी फरक सस्पेन्समध्ये टाकतो आणि कधीच शोधत नाही, त्याला आमचे सर वर्गाबाहेर काढायचे. पट्ट्यामागून पट्टा बदलणं म्हणजे दरवर्षी सस्पेन्समध्ये टाकणं. यंत्र चालू दिसतं, चूक आत तशीच असते, आणि पुढच्या वादळात व्याजासकट बाहेर येते.

तर मग शोधायचं कसं? इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. दुकानाने पहिले दोन तुटके पट्टे कचऱ्यात टाकले. अहो, तो पट्टा म्हणजे पुरावा! तिसऱ्या वेळी मी मुलाला बजावून पाठवलं की जुना पट्टा घेऊनच ये. तुम्हीही मागून घ्या. तुटका पट्टा वाचता येतो.

दोन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत, चकचकीत झालेल्या असतील, तर पट्टा घसरत होता: ताण कमी पडत होता किंवा पुलीची खाच झिजली होती. एकच कडा जास्त झिजलेली असेल, तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. एकाच जागी जळका खड्डा असेल, तर पट्टा जागेवर अडकला होता आणि इंजिनची पुली त्याच्यावर घासत फिरत होती. म्हणजे पुढे काहीतरी जाम झालेलं आहे. कडांचे धागे निघाले असतील, तर पट्टा कशाला तरी, बहुधा वाकलेल्या पट्टारक्षकाला किंवा झाकणाला घासतो आहे. आतल्या बाजूला आडव्या भेगा असतील, तर वय किंवा उष्णता. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल, तर तेल लागलं आहे. इंजिनच्या दांड्याभोवतीचं ऑइल सील गळत असेल तर थेंब बरोबर पट्ट्यावर पडतात. आणि पट्टा फारसा झिजलेला नसताना ताडकन तुटला असेल, तर जोराचा हिसका बसला, किंवा बसवताना कोणीतरी स्क्रूड्रायव्हरने ओढूनताणून चढवला आणि आतले दोर तेव्हाच तुटले.

यातलं एक तरी कारण नुसता नवा पट्टा घातल्याने जातं का? फक्त वय. बाकी सगळी तशीच राहतात आणि नव्या पट्ट्याची वाट बघत बसतात.

आमचा तिसरा पट्टा मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून भिंगाखाली बघितला. एक कडा स्पष्ट खाल्लेली, आणि पाठ, म्हणजे जी बाजू आयडलरवरून फिरते ती, जळून काळी कडक झालेली. दोन खुणा, म्हणून दोन गुन्हेगार.

मग एका कोरड्या शनिवारी सूनबाई आणि मी गराजमध्ये उतरलो. सूनबाई सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण पान्याला घाबरत नाही. यजमानांच्या हातात टॉर्च दिला. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली. हे पहिलं काम, त्याच्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. मग पट्ट्यांवरचं झाकण काढलं. आयडलर पुली बोटाने फिरवली. चांगली पुली गुपचूप फिरते. आमची खरखरत होती, हाताला अडकत होती. बेअरिंग गेलेलं. सतत फिरणाऱ्या पट्ट्याला सतत ब्रेक लावल्यासारखं ते चाललं होतं, म्हणून पाठ जळत होती. सतरा डॉलरची पुली!

मग एक सरळ लोखंडी पट्टी इंजिनच्या पुलीला टेकवून खालच्या पुलीपर्यंत धरली. फरक सहा मिलिमीटर. व्ही-बेल्टला सर्वसाधारणपणे फूटभर अंतराला अडीच मिलिमीटरच्या आसपास तिरकेपणा चालतो. आमच्या दोन पुल्यांमध्ये पुरतं फूटभरही अंतर नाही. पट्टा तिरका चढत होता, तिरका उतरत होता, आणि दर फेरीला एक कडा खात होता.

हे झालं कसं, तेही सापडलं. असल्या जुन्या यंत्रांवर बऱ्याचदा टेकम्सी कंपनीचं इंजिन असे. त्या कंपनीने २००८ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं. तेव्हापासून जुनं इंजिन दमलं की लोक दुसऱ्या कंपनीचं बसवतात. आधीच्या मालकाने तेच केलेलं. इंजिन चांगलं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण नव्या इंजिनाचा दांडा किंवा बैठक जरा वेगळी असते, आणि पुली जुन्या जागेवर आपोआप येत नाही. ती मोजून सरकवावी लागते. कोणी मोजलं नाही. त्यानंतर तीन वेळा यंत्र उघडलं गेलं, तीन वेळा त्याच पुलीवर नवा पट्टा चढवला गेला, आणि एकदाही कोणी सरळ पट्टी लावली नाही. मला राग येतो तो इथे.

आम्ही पुलीचा स्क्रू सैल केला, पुली सहा मिलिमीटर सरकवली, स्क्रू घट्ट केला, इंजिनचे खालचे चारही बोल्ट आवळले, नवी आयडलर आणि नवा पट्टा बसवला. पट्टा २८, पुली १७, एकूण ४५ डॉलर. त्याला तीन हिवाळे झाले. तोच पट्टा आहे.

आता पट्ट्याबद्दलही दोन शब्द, कारण इथे फसवणूक नसली तरी फसगत होते. काटछेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असलेला रबर-कापडाचा हा पट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली आणला असं मानतात. तो खाचेच्या तळावर बसत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा रुततो. पकड तिथून येते. पट्टा खाचेच्या तळाला टेकला, तळ घासून चमकू लागला, की समजायचं पट्टा अरुंद आहे, नाहीतर पट्टा किंवा खाच झिजली आहे.

शिवाय सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या मापांत घोळ आहे. अर्धा इंच रुंदीच्या हलक्या पट्ट्यावर ४-एल-४३० लिहिलेलं असेल, तर त्याचा बाहेरचा घेर ४३ इंच. पण तेवढ्याच रुंदीच्या ए जातीच्या पट्ट्यावरचा आकडा आतल्या घेराचा असतो. तिथे ए-४३ उचलला तर दोन इंच मोठा पट्टा घरी येतो. जुना पट्टा फुटपट्टीने मोजून नवा आणायचा तर जुना ताणलेला असतो. म्हणून यंत्रावरच्या पत्र्यावरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्या यंत्रासाठी सांगितलेलाच पट्टा मागवा. अशा कितीतरी पट्ट्यांत आत अरामिड धाग्याचे दोर असतात. या जातीतला सगळ्यात प्रसिद्ध धागा, केवलार, १९६५ साली डुपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून आला. "हे बायकांचं काम नाही" असं गराजच्या दारात मला कोणी म्हटलं की मी हे नाव सांगते.

आता समोरच्यांचे मुद्दे घेते. एकतर्फी भांडण मला आवडत नाही.

पहिला मुद्दा: मेकॅनिकला वेळ नसतो. खरं आहे. वादळाच्या आदल्या दिवशी त्याच्या दारात वीस यंत्रं उभी असतात, आणि प्रत्येकाला आपलं यंत्र संध्याकाळपर्यंत हवं असतं. तो बिचारा पट्टा घालून मोकळा होतो. पण म्हणूनच यंत्र ऑक्टोबरात न्यायचं, डिसेंबरात नाही. आणि आळवणी न करता स्पष्ट विचारायचं: पुल्यांना सरळ पट्टी लावली का? आयडलर हाताने फिरवून बघितली का? जुना पट्टा कुठे आहे? या तीन प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. ज्याला ती पाच मिनिटं द्यायची नाहीत, त्याला १२० डॉलर का द्यायचे?

दुसरा मुद्दा: थोडा ताण वाढवा, की झालं. हे सांगणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. जास्त ताण दिला की बेअरिंगं लवकर मरतात. ज्या यंत्रात लिव्हर पट्टा ताणतो तिथे तर लिव्हर सोडल्यावरही पट्टा पकडून राहतो आणि यंत्र आपोआप पुढे सरकतं. पुढे फिरणारी पाती आणि सुटलेलं यंत्र! लिव्हर सोडला की यंत्र थांबलंच पाहिजे, यात तडजोड नाही. तसंच पट्ट्यावर मारायचे चिकट फवारे. पूर्वी गिरणीवाले सपाट पट्ट्यावर राळ लावायचे, त्याचाच हा भाऊ. व्ही-बेल्ट बनवणारेच तो मारू नका म्हणतात. घसरण्याचं कारण तसंच राहतं, वर घाण चिकटते.

आपल्या आया हे सगळं जाणत होत्या. पायमशीनचा चामडी पट्टा सैल झाला की आई बोटभर कापून तारेने पुन्हा जोडायची. पण पट्टा सारखा उतरायला लागला, की ती कात्री बाजूला ठेवून आधी चाक हलवून बघायची, तेल घालायची. चौथी शिकलेली बाई होती. तिला कळत होतं की उतरणाऱ्या पट्ट्याला आखूड करून उपयोग नाही.

तिसरा मुद्दा: वेळ म्हणजे पैसा, नवीनच घ्या. बरं, हिशेब करू. सोळाशे डॉलरचं यंत्र अगदी सोळा वर्षं चाललं, तरी वर्षाला शंभर डॉलर घसारा. आमच्या जुन्या यंत्राची वहीतली किंमत शून्याला आली असेल, पण ते बर्फ नव्याइतकाच उडवतं. वहीत शून्य म्हणजे कामात शून्य नव्हे, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि पेट्रोलच्या नव्या यंत्राचं झाकण उघडून बघा: बहुतेकांत तोच व्ही-बेल्ट, तीच आयडलर, तीच थाळी. जो पुली मोजत नाही, त्याचं नवं यंत्रही चार वर्षांत इथेच येणार. अपरिग्रहाचा उपदेश मी आज करत नाही. नुसती वही पुरेशी आहे.

जुनं कधीच फेकू नका, असंही मी म्हणत नाही. लिव्हर सोडल्यावर पाती किंवा चाकं थांबत नसतील आणि ते दुरुस्त होत नसेल, पात्यांची गिअरपेटी फुटली असेल, रस्त्यावरच्या मिठाने सांगाडाच गंजून खाल्ला असेल, तर हात जोडून निरोप द्या. अशा यंत्रासाठी माणसाचा जीव धोक्यात घालायचा नाही. पण निरोप द्यायचं कारण तरी खरं असू द्या. "पट्टा तीनदा तुटला" हे कारण नाही, ती तक्रार आहे, आणि तक्रारीची आधी चौकशी होते.

मुलांना पाठवाल तेव्हा एवढं खाली लिहून पाठवा. काम झाल्यावर यंत्र गराजमध्ये ठेवण्याआधी बर्फ झटकून टाका, कारण वितळलेलं पाणी रात्री गोठतं. सकाळी चाकं फरशीला चिकटलेली असताना लिव्हर दाबला की भार पट्ट्यावर आणि रबरी चाकावर येतो. आधी यंत्र हाताने पुढेमागे हलवून सुटं करा. चालताना वेग बदलायचा नाही, लिव्हर सोडून, थांबून बदलायचा. दुरुस्तीला यंत्र पुढे पालथं करायचं असेल तर आधी पेट्रोल काढा. बंद गराजमध्ये इंजिन सुरू करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि बर्फ अडकलेल्या नळकांड्यात हात कधीच घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. पात्यांत ताण साठलेला असतो, अडकलेलं सुटलं की पंखा झटका मारतो. त्यासाठी यंत्राबरोबर मिळालेली काठी असते, ती वापरा.

आणि घरात जे काही पुन्हा पुन्हा तुटतं, मिक्सरचा कपलर असो, कुकरची रिंग असो की नळाचा वॉशर, त्याचा पुढचा तुकडा कचऱ्यात टाकण्याआधी पाच मिनिटं हातात घेऊन बघा. कुठे झिजलाय, कुठे जळलाय. मग दुरुस्तीवाल्याला फोन करा आणि तेच पहिलं विचारा. मला काय दिसलं ते खाली लिहून कळवा, मी वाचते आहे.

जय जिनेंद्र.